महिन्याची वही : प्रस्तावना

वजन कमी करायची सुरुवात बहुधा एखाद्या तारखेला होते. एक जानेवारी, गुढीपाडवा, वाढदिवस, किंवा रक्ततपासणीचा कागद हातात पडल्याचा दुसरा दिवस. पहिले पंधरा दिवस उत्साहात जातात, पुढचे पंधरा सवयीनं किंवा हट्टानं. महिना भरला की माणूस काट्यावर उभा राहतो, आकडा बघतो आणि हे आपल्याला जमतंय की नाही याचा निकाल तिथल्या तिथे लावून टाकतो. कुटुंबाचा डॉक्टर म्हणून काम करताना प्रयत्न सोडून देणारी माणसं मी सगळ्यात जास्त पाहिली ती याच टप्प्यावर. त्यांतल्या बऱ्याच जणांचा महिना खरं तर चांगला गेलेला होता. कुणाचा रक्तदाब उतरला होता, कुणाचा पट्टा एक भोक आत गेला होता, कुणी तीन मजले न थांबता चढू लागलं होतं. पण काट्यावर दीड किलोच कमी दिसलं, शेजाऱ्याचे मात्र महिन्यात पाच किलो उतरले होते, आणि तेवढ्यावर सगळं थांबलं.

ही वही त्या दिवसासाठी आहे. काय खावं, काय खाऊ नये, कोणता व्यायाम करावा यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. केलेल्या प्रयत्नांकडे महिन्याच्या शेवटी कसं पाहावं यावर मात्र फारसं बोललं जात नाही. माझं म्हणणं एवढंच, की एका महिन्यात वजनाबद्दल फार थोडं कळतं. आपल्या वागण्याबद्दल, स्वयंपाकघराबद्दल, कमरेबद्दल आणि रक्तदाबाबद्दल बरंच कळतं. ज्याचं उत्तर महिन्यात मिळतं तेच महिन्याला विचारावं. बाकीच्यासाठी तीन महिने थांबायची तयारी ठेवावी.

आधी काट्यावरच्या आकड्याबद्दल. पहिल्या महिन्यात काटा जी घट दाखवतो तिच्यात पाणी आणि चरबी दोन्ही मिसळलेली असतात. भात, पोळी, साखर यांतून मिळणारी शर्करा शरीर ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम. यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. खाणं एकदम कमी केलं की हा साठा वापरला जातो आणि त्याच्यासोबतचं पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्या आठ-दहा दिवसांत एक-दोन किलो भराभर उतरतात ते असे. एखाद्या लग्नात दोन दिवस मनसोक्त जेवल्यावर तेच वजन तितक्याच वेगानं परत येतं. त्यात चरबी वाढलेली फार थोडी असते. साठा आणि त्याचं पाणी पुन्हा भरलेलं असतं. लग्नाहून आल्यावर काट्यावर उभं राहून ‘महिनाभराचं सगळं वाया गेलं’ म्हणणारा माणूस या पाण्यालाच घाबरलेला असतो.

चरबीचा हिशेब याहून सावकाशीचा आहे. शरीरातली एक किलो चरबी उतरायला ढोबळमानानं ७,७०० किलोकॅलरींची तूट लागते. रोज ५०० किलोकॅलरी कमी घेतल्या किंवा जास्त खर्च केल्या, आणि त्यात एकही दिवस खंड पडला नाही, तर महिन्याची तूट होते १५,०००. म्हणजे साधारण दोन किलो. रोज ५०० ची तूट ही लहानसहान गोष्ट नाही; ती महिनाभर सांभाळणारा माणूस मनापासून प्रयत्न करतो आहे असंच मी मानतो. तेव्हा महिन्याला दीड-दोन किलो चरबी उतरणं हे चांगलं काम आहे. महिन्यात दहा किलोची हमी देणाऱ्या जाहिराती या साध्या गुणाकाराच्या विरुद्ध जातात. शिवाय हा वेगही कायम राहत नाही. वजन उतरतं तसं शरीराला लागणारं इंधनही कमी होतं, आणि पहिल्या महिन्यात ज्या ताटानं तूट पडली तेच ताट सहाव्या महिन्यात पुरेसं होऊन बसतं. पहिल्या महिन्याच्या घटीला बारानं गुणून वर्षाचं भाकीत करू नये ते यासाठी.

आता ही तूट कुठून येते ते पाहू. प्रत्येक घास मोजून लिहिणं फार थोड्यांना जमतं, आणि आपल्या जेवणात तर ते आणखी अवघड. आमटीच्या वाटीत फोडणी किती, भाजीत कूट किती, याचा हिशेब ताटावर बसून लागत नाही. पण मराठी घरात एक मोजमाप आपोआप महिन्याचं असतं, आणि ते म्हणजे वाण्याची यादी. किराणा महिन्याला येतो. तेलाचा डबा कधी फुटला आणि कधी संपला हे घरातल्या बाईला तारखेसकट माहीत असतं. महिन्याच्या आढाव्याची सुरुवात मी तिथूनच करायला सांगतो.

चार माणसांचं घर धरू. महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जातं. ग्रॅमला नऊ किलोकॅलरी या दरानं ते सुमारे ३४५ झालं. तोच डबा ओढूनताणून न करता तीन लिटरवर आला, तर माणशी २३ ग्रॅम, म्हणजे सुमारे २०५. साखरेचंही तसंच. चार किलो साखर चार माणसांत महिनाभर म्हणजे दिवसाला माणशी ३३ ग्रॅम. ती दोन किलोवर आली, तर दिवसाला सुमारे ६५ किलोकॅलरी वाचल्या. तेल आणि साखर मिळून माणशी रोज २०० ची बचत झाली. महिन्याला ६,०००. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची जवळजवळ पाऊण किलो चरबी, आणि तीही कुणी उपाशी न राहता, कुणाची पोळी मोजल्याशिवाय. वाढत्या वयाच्या मुलांना हा नियम तसाच लावायचा नाही; त्यांना दूध, डाळ, अंडी, फळं भरपूर मिळाली पाहिजेत. पण मुलांनाही तळणाची आणि चहाच्या साखरेची गरज नसते.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकट्यानं वेगळं ताट वाढून घ्यायचं, बाकी घरानं नेहमीसारखं जेवायचं, हे महिना-दोन महिने चालतं. मग सण येतो, पाहुणे येतात, आणि वेगळं ताट बंद होतं. यादी बदलली की ताट आपोआप बदलतं. वहीच्या पहिल्या पानावर म्हणून तेल, साखर, गूळ, शेंगदाणे, साबुदाणा, मैदा, बिस्किटं आणि फरसाण यांचा मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा आकडा लिहायला जागा ठेवली आहे. शेंगदाणे आणि साबुदाणा यांच्याकडे विशेष लक्ष द्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च; १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० किलोकॅलरी आणि प्रथिनं नावापुरती. त्यावर दाण्याचं कूट आणि तूप पडलं की उपवासाचा दिवस आठवड्यातला सगळ्यात जड दिवस ठरू शकतो. ज्यांचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी मिळून महिन्यात आठ-दहा उपवास होतात, त्यांनी ते दिवस वहीत वेगळे लिहावेत. श्रद्धेला धक्का लावायचं कारण नाही. वरी, राजगिरा, ताक, रताळं, काकडी आणि फळं हीसुद्धा उपवासालाच चालतात.

वजन करण्याची रीतही ठरलेली हवी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत पदुआ इथे सांक्तोरिओ सांक्तोरिओ नावाच्या वैद्यानं मोठ्या तराजूला खुर्ची टांगून घेतली होती. त्या खुर्चीत बसून तो स्वतःचं, खाल्ल्या-प्यायल्याचं आणि शरीरातून बाहेर पडणाऱ्या सगळ्याचं वजन वर्षानुवर्षं करत राहिला. १६१४ साली त्यावरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आत गेलेलं आणि दिसेल असं बाहेर पडलेलं यांचा मेळ बसत नाही, बराच भाग श्वासावाटे आणि त्वचेवाटे नकळत जातो, हे त्यानं आकड्यांत दाखवलं. चारशे वर्षांनंतर आपल्या न्हाणीघराबाहेरचा काटाही तेच सांगतो. सकाळपासून रात्रीपर्यंत माणसाचं वजन एक-दीड किलोनं सहज बदलतं. आदल्या रात्री पापड, लोणचं, झणझणीत मिसळ असं खारट जेवण झालं असेल, तर शरीर पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा वर जातो.

म्हणून वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर करावं. काटा फरशीवर ठेवावा, सतरंजीवर नको. रोज केलं तरी चालेल, पण आढाव्यात एकट्या दिवसाचा आकडा धरू नये. पहिल्या आठवड्याची सरासरी आणि शेवटच्या आठवड्याची सरासरी यांची तुलना करावी. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी आणखी एक पथ्य पाळावं. पाळीच्या आधीच्या काही दिवसांत शरीरात पाणी साठतं आणि वजन एखाद्या किलोनं, कधी त्याहूनही जास्त चढतं. सुरुवात पाळीनंतरच्या आठवड्यात झाली असेल आणि महिनाअखेरीचं वजन पाळीच्या आदल्या दिवशी केलं, तर महिनाभराची सगळी मेहनत त्या पाण्याखाली झाकली जाईल. स्त्रियांचा आढावा तारखेनं घेऊ नये. पाळीच्या त्याच टप्प्याशी तो टप्पा ताडून पाहावा. इतकी साधी गोष्ट न सांगितल्यामुळे किती जणींनी निराश होऊन चालणं सोडलं असेल, याचं मला वाईट वाटतं.

काट्यानंतर टेप. आणि इथे पुण्याची गोष्ट सांगायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. नेहमीच्या कोष्टकात दोघंही सडपातळच. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काट्याला आणि उंचीच्या पट्टीला हा फरक दिसणं शक्य नव्हतं.

त्याआधी १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत होते. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते. खांद्याच्या फऱ्याखालच्या त्वचेतली चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबीचं प्रमाण जास्त, ही घडण आपल्यातल्या अनेकांची जन्मापासून आहे, असं या अभ्यासातून पुढे आलं. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं सुटलेलं, हे चित्र आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतं. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणारी हीच चरबी मधुमेह आणि हृदयविकाराशी जवळचं नातं सांगते.

म्हणून भारतीयांसाठी मर्यादाही वेगळ्या ठरल्या. निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जास्त समजायचं आणि २५ पासून लठ्ठपणा, असं भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली सुचवलं. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. घेर पँटच्या मापावरून सांगू नये. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो, आणि तिचं माप वर्षानुवर्षं तेच राहतं. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरावा, पोट आत न ओढता साधा श्वास सोडावा आणि मग वाचावं. दोनदा मोजून सरासरी लिहावी. महिन्यात घेर दोन-तीन सेंटिमीटरनं कमी झाला आणि वजन फक्त एका किलोनं, तर तो महिना उत्तम गेला असं मी कुणालाही खात्रीनं सांगेन.

आणि समजा, वजन अजिबातच हललं नाही? तरीही वही मिटू नये, यासाठी माझ्याकडे याहून भक्कम पुरावा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा एक अभ्यास चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्या गटातल्या ५५ टक्के लोकांना साधारण तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी आहार बदलला आणि चालणं वाढवलं त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिलं. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे : या दुसऱ्या गटाचं सरासरी वजन जवळपास कमी झालंच नव्हतं. अमेरिकेतल्या २००२ च्या प्रसिद्ध अभ्यासात सात टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम ही उद्दिष्टं ठेवून मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता, हे खरं. वजन उतरलं तर फायदा मोठा होतो. पण आपल्या देशातल्या माणसांवर झालेल्या अभ्यासात काटा जागचा न हलताही शरीराला फायदा पोहोचला. ज्याच्या काट्यानं महिनाभर दाद दिली नाही त्याला मी हा आकडा दाखवतो.

तपासण्यांचंही प्रत्येकीचं आपलं वेळापत्रक असतं, आणि ते माहीत नसल्यामुळे पैसे आणि धीर दोन्ही वाया जातात. रक्तदाब लवकर प्रतिसाद देतो. भाज्या, फळं, कमी चरबीचं दूध-दही वाढवून आणि मीठ आवरून तो दोन आठवड्यांत उतरायला लागल्याचं अभ्यासांतून दिसलं आहे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आपल्या ताटात पापड-लोणचं-फरसाण आलं की ती दुपारीच ओलांडली जाते. उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड्स यांतही काही आठवड्यांत फरक पडू शकतो. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून आपण जिला ओळखतो ती एचबीए-१-सी तपासणी मात्र महिन्यानं करण्यात अर्थ नाही. रक्तातल्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या सगळ्या काळातल्या साखरेची छाप त्यांच्यावर असते. महिन्यानं तपासलं, तर जुन्या महिन्यांची सावली आकड्यात राहणारच. ती तपासणी तिसऱ्या महिन्याच्या पानावर ठेवली आहे.

यानंतर वहीत येतात दिवस. किती दिवस चाललो, किती रात्री वेळेवर झोपलो, किती वेळा रात्रीचं जेवण साडेआठच्या आत झालं, इतकंच लिहायचं. सवय एकवीस दिवसांत लागते असं सर्रास सांगितलं जातं. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वागणं अंगवळणी पडायला मध्यमानानं ६६ दिवस लागले. काहींना १८, तर काहींचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून घडी मोडत नाही. महिन्याच्या शेवटीही सकाळी उठायला मनाशी झगडावं लागत असेल, तर त्यात आपलं काही कमी पडलेलं नाही. सवय लागायला अजून तेवढाच काळ बाकी आहे.

पावलांचंही असंच. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या उपकरणाच्या नावातून जगभर गेला. तो कुठल्या संशोधनातून निघालेला नव्हता. वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. गुडघे दुखत असताना चार हजार पावलं नेमानं चालणाऱ्या आजींना ‘अजून सहा हजार राहिली’ असं कुणी म्हणू नये. त्यांचा महिना पूर्ण गुणांचा आहे.

झोपेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आढावा घेताना तिची आठवण कुणालाच होत नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दहा जाड माणसांना दोन आठवडे मोजून कमी जेवण दिलं. एकदा रात्री साडेआठ तास झोपायची मुभा ठेवून आणि एकदा साडेपाच तासच. दोन्ही वेळा वजन सारखंच, तीन किलोच्या आसपास उतरलं. पण भरपूर झोपेच्या पंधरवड्यात १.४ किलो चरबी गेली, तर अपुऱ्या झोपेच्या पंधरवड्यात ०.६ किलो. उरलेली घट स्नायू आणि इतर ऊतींची होती. माणसं थोडी होती, तरी सांगण्यासारखं बरंच आहे : काट्यावर दोन्ही पंधरवडे जुळे दिसतात, शरीराच्या आत मात्र एकात कमाई झाली आणि दुसऱ्यात नुकसान. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला उठून पळणं, हा कार्यक्रम पाळणाऱ्या तरुणांनी हे दोन आकडे वहीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत.

स्नायू जपणं आपल्याला अधिकच गरजेचं आहे, कारण मुळात ते कमी आहेत. नुसतं खाणं तोडून उतरवलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो. म्हणून प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांपैकी काहीतरी नीट वाटीभर असावं, आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम व्हावा. सूर्यनमस्कार, बैठका, भिंतीला हात टेकून काढलेले जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, काहीही चालेल. वहीत एक ओळ आहे : खुर्चीवरून हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं? पहिल्या दिवशी मोजा आणि महिन्यानं मोजा. पहिल्या महिन्यात स्नायू दिसण्याइतके वाढत नाहीत, पण मज्जासंस्था असलेल्या स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकते आणि ताकद वाढते. हा आकडा बहुतेकांचा सुधारतो.

उलट बाजूनेही सावध राहायला हवं. महिन्यात फार वेगानं वजन उतरलं, तर ते मिरवण्यासारखं नाही. झपाट्यानं उतरणाऱ्या वजनात पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, थकवा येतो. आणि काहीच विशेष न करता वजन उतरत असेल, तर आनंद बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं. क्षयरोग, थायरॉइडचा विकार, अनियंत्रित मधुमेह, क्वचित कर्करोग, यांची सुरुवात अशी होऊ शकते.

घरातल्या स्त्रीबद्दल मला वेगळं लिहायचं आहे. ती सगळ्यांना वाढते आणि शेवटी बसते. उरलंसुरलं टाकवत नाही म्हणून संपवते. सकाळचा वेळ डब्यांत जातो, संध्याकाळचा पोरांच्या अभ्यासात आणि स्वयंपाकात. चालायला जायचं तर घरातल्या प्रत्येकाच्या सोयीतून वाट काढावी लागते. महिना संपला की तिच्याच वजनाची चर्चा होते, आणि बारीक झाली तर ‘आजारी होतीस का गं?’ असं विचारणाऱ्याही घरातल्याच. तिच्या आढाव्यात तिच्या इच्छाशक्तीच्या आधी घराला प्रश्न विचारले पाहिजेत. तिला रोज अर्धा तास कुणी मोकळा करून दिला? उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी कोण खातं? ती गरम जेवली ते दिवस किती? वहीत हे प्रश्न छापले आहेत, आणि त्यांची उत्तरं नवऱ्यानं किंवा मुलांनी लिहायची आहेत.

पद्धत कोणती, हा वाद मी इथे घेतलेला नाही. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत हजारो लोक पाळतात. थोडं-थोडं, घरचं, परंपरेतलं खाण्याचा ऋजुता दिवेकर यांचा आग्रहही तितकाच घरोघरी पोहोचला आहे. कुणी ज्वारीची भाकरी धरली आहे, कुणी भात सोडला आहे. वही या सगळ्यांसाठी एकच आहे, कारण शेवटी घेर, रक्तदाब, साखर, ताकद, झोप आणि वाण्याची यादी सगळ्यांना सारखीच लागू पडते. जी पद्धत तुमच्या घरात, तुमच्या कामाच्या वेळांत पुढच्या वर्षीही चालेल तीच तुमची.

२०२५ पासून आपल्याकडे वजनासाठीची आठवड्याची इंजेक्शनं मिळू लागली आहेत आणि ती घेणारेही वही मागतात. त्यांना एवढंच सांगायचं, की या औषधांचा पहिल्या चार आठवड्यांचा डोस शरीराला सवय व्हावी म्हणून मुद्दाम लहान असतो. पहिल्या महिन्यावरून औषधाचा निकाल लावू नये. औषध थांबवल्यावर उतरलेलं वजन बऱ्याच अंशी परत येतं, हेही अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. म्हणून औषध चालू असतानाच यादी, चालणं आणि झोप यांची घडी बसवून घ्यावी.

प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या पानावर फक्त दोन रकाने आहेत : पुढच्या महिन्यात काय तसंच चालू ठेवणार, आणि कोणती एकच गोष्ट बदलणार. एकाहून जास्त गोष्टी लिहायला जागा मुद्दाम ठेवलेली नाही. पहिल्या महिन्यात तेल आवरलं असेल, तर दुसऱ्या महिन्यात रात्रीच्या जेवणाची वेळ. ती जमली, तर तिसऱ्यात बैठका. तीन महिन्यांनी रक्ततपासणी करून मग एकूण प्रयत्नाबद्दल काय ते ठरवा, त्याआधी ठरवू नका.

शेवटी एक विनंती, आणि ती मी हात जोडून करतो. तुम्ही इन्सुलिन घेत असाल, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल, किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर खाणं कमी करून चालणं वाढवल्यावर जुना डोस तुम्हाला जास्त होऊ शकतो. अचानक घाम सुटणं, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी, ही त्याची लक्षणं. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अशा वेळी आधी साखर खावी, आणि मग सगळ्यांनीच डॉक्टरांना कळवावं. डोस स्वतःच्या मनानं बदलू नका, आणि डॉक्टरांना न सांगता जेवण निम्म्यावरही आणू नका. महिना भरला की ही वही घेऊन त्यांच्याकडे जा, आकडे दाखवा आणि पुढच्या महिन्याचा डोस लिहून घ्या.